डाव्या गालाची दाढी

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चिकोडीहून फोन आला. आठ डिसेंबरला साखरपुडा करून घेऊ म्हणाले. मुलगा सोनलनंच पसंत केलेला, बेळगावात दोघं एकाच कंपनीत आहेत, तेव्हा आमच्याकडून नाही म्हणायचं काही नव्हतंच. सौरवचं घरही आमच्यासारखंच जैन, थोडी शेती आणि खताचं दुकान. फोन ठेवला आणि मी जवळजवळ धावतच आत सांगायला गेले.

हे खिडकीकडं तोंड करून बसले होते. सगळं ऐकलं, मान हलवली. मग म्हणाले, "पाटावर सन्मतीला बसवा."

सन्मती माझा धाकटा भाऊ, सोनलचा मामा. सांगितलं तर बसेल बिचारा. पण बाप घरात धडधाकट असताना व्याह्यांसमोर मामानं पाटावर बसायचं?

"का म्हणून?"

"ह्या दाढीनं बसू व्हय? आणि काढली तर आग आग होतीया. तू बघितलंस की."

बघितलंय. ऑगस्टमध्ये यांच्या तोंडावरून वारं गेलं. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं, आणि आरशात बघतात तर तोंड एका बाजूला ओढलेलं. आम्ही सगळे घाबरलो. डॉक्टर म्हणाले, अर्धांग नव्हे, चेहऱ्याची नस सुजलीय, हळूहळू येईल. आलंही बरंच. डोळा आता पूर्ण मिटतो. बोलणं स्वच्छ झालं. पण दाढी केली की डावा गाल कापतो, मग पुटकुळ्या येतात, गाल लालभडक होतो. म्हणून दिवाळीआधीपासून यांनी दाढी वाढवलीय. दुकानात गादीवर मीच बसते. हे मागच्या खोलीत साड्यांच्या घड्या घालतात. पुढं या म्हटलं तर म्हणतात, रस्त्याची धूळ दाढीत बसते. सलूनमध्ये तरी जा म्हटलं तर म्हणतात, गर्दी असते.

म्हणजे सगळं येऊन अडलंय ते दाढीपाशी. कातडीचा प्रश्न आहे. तो सुटला की हे पाटावर बसतील. इतका लहान प्रश्न आहे हे लक्षात आल्यावर मला बरंच हलकं वाटलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

कातडीच्या डॉक्टरांनी ऑक्टोबरात एक क्रीम दिलं होतं. दाढीच्या आधी लावायचं. ट्यूब माझ्या करंगळीएवढी, आणि तिच्या किमतीत आमच्या दुकानात चांगली कॉटनची साडी येते. त्यानं आग कमी व्हायची, हे खरं. पण ती ट्यूब चार-पाच दाढ्यांत संपली आणि हे म्हणाले, परत आणायची नाही. औषधं चालू आहेत, व्यायामाच्या मॅडम चालू आहेत, वर साखरपुडा. मलाही पटलं.

आज डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते क्रीम नक्की करतं तरी काय? ते चांगले आहेत, चिडले नाहीत. म्हणाले, केस मऊ करतं, कातडी ओलसर ठेवतं आणि पातं घसरतं. बाकी काही जादू नाही.

केस मऊ करायचे आणि पातं घसरवायचं. एवढ्यासाठी स्वयंपाकघरात काहीच नसेल?

मोरीतला आरसा अजून खाली कपाटामागं ठेवलेला आहे. खिळा निघालाय म्हणाले होते हे. नवा खिळा आणायला हवा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज पहिला प्रयोग. आधी कात्रीनं दाढी बारीक केली. बराच वेळ गेला, पण मजा वाटली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि यांच्या हनुवटीवर एक जुना व्रण आहे हे मला आज कळलं. लहानपणी सायकलवरून पडले होते म्हणे.

मग बेसन, दही आणि चिमूटभर हळद कालवून लावली. आमच्या माहेरी बाळंतिणीच्या, नवरीच्या अंगाला हेच लावायचे, कातडी लोण्यासारखी व्हायची. थोडा वेळ ठेवून धुतलं. कातडी मऊ झाली का ते कळायला मार्गच नव्हता, कारण पांढरी दाढी पिवळीधमक झाली होती. साबणानं जाईना.

तेवढ्यात आक्का बसदीतून दर्शन घेऊन आल्या. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, सगळं घर त्यांना आक्काच म्हणतं. दारातच थांबल्या. बघितलं मुलाकडं वरपासून खालपर्यंत.

"हळद लागली बघ! पोरीच्या आधी बापाला लागली!"

आणि हे हसले. किती दिवसांनी हसले. मोठ्यानं, खदखदून. आणि लगेच टॉवेल तोंडावर दाबला. साबण तोंडात गेला असणार. मी चूळ भरायला पाणी आणून दिलं तर तांब्या घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं.

दाढी करायची राहिलीच.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शेजारची मंगल म्हणाली, "तारावहिनी, बटाटा लावा की. आमच्या ह्यास्नी वस्तऱ्यानं कापलं की मी चकती चोळतो. थंडगार हुतंय."

मंगलला बोलायला काय जातंय. आक्का या घरात असेपर्यंत कांदा, बटाटा, मुळा, गाजर उंबरठ्याच्या आत येत नाही. जमिनीखालचं काही नाही. माझंही आता तेच झालंय, पंचवीस वर्षांत सवयच मोडली. पण खायचा कुठं होता? लावायचा होता. मंगलकडून एक बटाटा घेतला, रुमालात गुंडाळला, पर्समध्ये घातला. चोरीचं सोनं असल्यासारखी ती काखेत घट्ट धरून घरी आले.

पर्स मी खुंटीला लावली आणि आक्कांनी सुट्ट्या पैशांसाठी तीच उघडली.

"तारामती! ह्ये काय?"

"आक्का, खायला नाही. ह्यांच्या तोंडाला लावायला."

"तोंडाला लावल्यालं तोंडात जात न्हाय व्हय?"

आक्का बटाटा रुमालासकट दोन बोटांत धरून बाहेर निघाल्या, मंगलच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. वर तिलाच म्हणाल्या, "तुझा पाव्हणा वाट चुकून आलता गं." मंगल हसून हसून खाली बसली.

हे आतून सगळं ऐकत होते. बाहेर काही आले नाहीत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सोनलनं फोनवर पाठवलं होतं, काय काय लावता येतं ते. पहिलंच मध. जैनाच्या घरात ते तर बटाट्याच्याही पलीकडचं वर्ज्य, सोडून दिलं. मग कोरफड. ती मागच्या दारी कुंडीतच आहे. पान कापलं, गर काढला आणि लावला.

अर्ध्या तासात मान आणि गाल खाजून लाल. पान कापल्यावर जो पिवळा चीक निघतो तो धुऊन घ्यायचा असतो, हे मला नंतर सोनलनं सांगितलं. पप्पांना काही झालं तर नाही ना म्हणून रडकुंडीला आली. मी म्हटलं, काही नाही, खाजतंय फक्त.

पण यांनी फार शांतपणे टॉवेल घडी करून ठेवला आणि म्हणाले, "तारा, बास आता." आणि माझ्यासमोरच सन्मतीला फोन लावला. "आठ तारखेला तू पाटावर बसायचं बघ. व्हय, मीच सांगतोय. तब्येत न्हाय माझी."

मला वाटलं होतं रागावतील, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे पुसत बसले. प्रश्न लहान आहे असं मीच लिहिलंय वर.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज एक गोष्ट दिसली.

मी आणि आक्का बसदीत गेलो होतो. चष्मा विसरला म्हणून मी एकटी परत आले. मोरीचं दार अर्धवट उघडं होतं. हे दाढी करत होते. आरसा नव्हताच, अंदाजानंच. दाढी करताना पुरुष गाल फुगवतात, आतून हवा भरतात म्हणजे कातडी ताणली जाते. उजवा गाल फुगला. तो नीट झाला. मग डावा. हवा भरली की ती ओठांच्या कोपऱ्यातून फुस्सकन निघून जायची. परत भरली. परत निघून गेली. मग यांनी तसाच सैल गालावर रेझर ठेवला, आणि तो अडकला.

मी पाऊल न वाजवता बाहेर आले आणि बसदीच्या रस्त्याला लागले. चष्मा घ्यायचा राहिला.

एवढी वर्षं दुकानात आहे मी. सैल कापडावर कात्री चालत नाही, हे मला कुणी शिकवावं लागतं? कापड पुढून कुणीतरी ताणून धरावं लागतं. आम्ही बेसन काय, बटाटा काय, नुसती कात्रीला धार लावत बसलो होतो.

घरी आलो तेव्हा यांची डावीकडची दाढी तशीच राहिलेली आणि गालावर कागदाचा तुकडा चिकटवलेला. आक्कांनी विचारलं तर म्हणाले, डास चावला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी खुर्ची मागच्या अंगणात उन्हात ठेवली. "बसा."

"कशाला?"

"बसा म्हणते ना. आज मी करणार."

"तुला जमतंय व्हय? कापलंस तर?"

"तुम्ही कापताच की. मी कापलं तर डास चावला म्हणून सांगू."

यावर ते बघतच राहिले माझ्याकडं. मग बसले.

आमच्याकडं प्यायचं पाणी रोज गाळून उकळतातच. त्यातलंच तांब्याभर घेतलं. टॉवेल बुडवून पिळून गालावर ठेवला, निवला की परत बुडवला. असं तीनचारदा. मग तळहातावर खोबरेल तेल, थेंबभरच, थंडीनं थिजलेलं ते हातात विरघळवून सगळीकडं चोळलं. त्यावर आपला नेहमीचा दाढीचा साबण, ब्रशनं भरपूर फेस. आणि डाव्या गालाला माझी दोन बोटं. कानाजवळ कातडी वर धरायची आणि रेझर खाली आणायचा.

सुरुवातीला श्वासच घेतला नाही मी. यांनी डोळे घट्ट मिटले होते. भीती वाटत असणार. मग हळूहळू कपाळावरची आठी गेली. मधेच तर मला वाटलं यांना झोपच लागलीय.

एकही ओरखडा नाही. एकही! मी तोंड पुसलं, गालावरून हात फिरवून बघितला. कापसासारखा. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते. तेल ते तेल! एवढ्या साध्या तेलासाठी मी कुठं कुठं हिंडले.

"उद्या?" हे म्हणाले.

"उद्या नको, रोज पातं फिरवलं तर कातडीला त्रास होतो. परवा."

"मग तेल तरी लाव उद्या. तेल चांगलं हाय."

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज सकाळी तेल, एक दिवसाआड दाढी. पुटकुळ्या बसल्या. बोटांनी गाल ताणायची आता इतकी सवय झालीय की तेल लावतानाही बोटं आपोआप खालून वर जातात, ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत. यांनाही आवडतं. एरवी चहा एकटेच भिंतीकडच्या टेबलावर प्यायचे, आता अंगणातच पितात. ऊन चांगलं असतं तिथं.

आज नीलम मॅडम आल्या होत्या, चेहऱ्याचे व्यायाम घेणाऱ्या. तपासून म्हणाल्या, "छान! बराच फरक आहे हो. व्यायाम रोज करताय वाटतं."

हे म्हणाले, "व्हय व्हय, रोज."

मी म्हटलं, "कसले करतात! कधी आरशासमोर उभे राहिलेले बघितले नाहीत मी. खोबरेल तेल लावते मी रोज, त्याचा गुण आहे."

त्या माझ्या हातांकडं बघून हसल्या. म्हणाल्या, "मग तेल सोडू नका."

एवढं सगळं झालं, पण साखरपुड्याचं हे अजून काही बोलत नाहीत. सन्मतीनं नवा शर्ट शिवायला टाकलाय असं वहिनीनं सांगितलं. मी यांना तेही ऐकवलं. म्हणाले, "चांगलं केलं." कातडीला तर आता काही झालेलं नाही. मग काय राहिलंय?

३ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी दुकानातून आले तर मोरीत ठोकल्याचा आवाज. जाऊन बघितलं. हे आरसा लावत होते.

खिळा भिंतीत होताच. जुनाच, गंजलेला, जागच्या जागी. हे नुसता त्याला घट्ट करत होते. आरसा जागेवर बसला. त्यात आम्ही दोघंही दिसत होतो, मी यांच्या खांद्यामागं.

"फोटोवाला सांगितला असंल न्हवं?" यांनी विचारलं.

"सांगितलाय. सोनलच्या मैत्रिणीचा भाऊ आहे."

त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"गप बसलो की काय कळत न्हाय आता. हसलो की तोंड एकीकडंच जातंय, तारा. माणसं माझ्या तोंडाकडं बघत बघत बोलत्यात. गादीवर बसून हसायचं न्हाय म्हणजे धंदा कसा करायचा? आणि ती चिकोडीची माणसं. पोरीच्या नशिबाला असला बाप म्हणून..."



मी तिथं उभी, हातात दुकानाच्या किल्ल्या. सबंध महिनाभर मी कातडीचं औषध शोधत होते. सलूनमध्ये गर्दी असते म्हणाले, मला खरं वाटलं. दाढीत धूळ बसते म्हणाले, तेही खरं वाटलं. दोन्ही भिंतींना आरसे असतात सलूनमध्ये. त्या दाढीखाली हे काय झाकून बसले होते, ते मला आत्ता कळलं.

काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं ते असं, "मग हसू नका."

"काय?"

"हसू नका म्हणते. तोंड मिटून बसा पाटावर. साखरपुडा आहे, सगळ्यांना वाटेल मुलगी जाणार म्हणून बापाला वाईट वाटतंय."

ते आरशातून माझ्याकडं बघत राहिले. आणि मग हसू फुटलंच. उजवीकडं सगळं, डावीकडं थोडं. टॉवेल शेजारीच लटकत होता, पण हात तिकडं गेला नाही.

"लई शानी हैस," म्हणाले.

आक्कांनी बाहेरून विचारलं, काय चाललंय? सूर्य बुडायला आला, जेवून घ्या. आम्ही दोघंही शाळेतल्या मुलांसारखे निमूट जेवायला गेलो.

जेवण झाल्यावर यांनी सन्मतीला फोन केला. मी मुद्दाम भांडी विसळायला बसले, म्हणजे ऐकू नये. तरी ऐकू आलंच. "मीच बसतोय. व्हय रं. तुझा शर्ट वाया जात न्हाय, लग्नाला घाल."

नळ सुरूच ठेवून मी रडून घेतलं. फार नाही. भांडी विसळून होईपर्यंत.

८ डिसेंबर, रविवार

दमलेय, पण आजच्या आज लिहून ठेवायचंय.

पहाटेच दाढी केली. आज माझी बोटं जरा थंड होती, यांनी आपल्या दोन्ही हातांत धरून ऊब दिली आणि मग गालावर ठेवली. फेटा बांधल्यावर हे इतके देखणे दिसत होते की आक्कांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मुलगी राहिली बाजूला. सोनल तोंड फुगवून म्हणाली, "आज्जी, साखरपुडा माझा आहे!"

समोरासमोर दोन पाट. एकावर हे, दुसऱ्यावर सौरवचे वडील. उपाध्ये मंत्र म्हणत होते. टिळे झाले, सुपारी बदलली, टोपी-टॉवेलचा आहेर झाला. हे तोंड मिटून बसले होते, माझं ऐकून. मी बायकांत मागं बसले होते आणि माझं सारं लक्ष त्या एका गालावर.

मग उपाध्ये म्हणाले, व्याह्यांनी भेटायचं. दोघं उठले, गळ्यात गळा घातला. चिकोडीचे व्याही चांगले आडदांड, त्यांनी यांना असं आवळलं की फेटा तिरका झाला. गालाला गाल लागला. ते तसेच थांबले, मागं झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आयला, काय दाढी हाय! लोणी! कुठल्या सलूनात करता, पाव्हणं?"



हे म्हणाले, "घरचंच हाय. पण आधी नंबर लावाय लागतोय."

आणि बायकांच्या घोळक्यात मला शोधून हसले. सगळ्यांच्या देखत. फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला.

मंडप हसत होता. माझ्या शेजारी बसलेली मंगल माझ्या मांडीवर चापट मारत म्हणाली, "वहिनी, लाजा की जरा!" सन्मती मागून ओरडला, "दाजी, माझा शर्ट!" व्याह्यांनी यांच्या तोंडाकडं बघितलं का, बघून काही मनात आलं का, मला माहीत नाही. आलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. जेवताना यांच्या पानात ते आग्रहानं पोळी वाढत होते आणि हे हात आडवा धरून नको नको म्हणत होते. बरीच वर्षं ओळख असल्यासारखे.

सोनलनं तोच फोटो आपल्या फोनवर लावलाय. दुसरे चांगले होते, सरळ तोंडाचे. तिनं तोच लावला.

११ डिसेंबर, बुधवार

कालपासून हे गादीवर बसायला लागलेत. मी आत घड्या घालते आणि पुढचं ऐकते. काल एका बाईंनी साडीवरून इतकी घासाघीस केली की शेवटी हे मोठ्यानं हसले, आणि बाईंनी दोन घेतल्या.

नीलम मॅडमनी काल सांगितलं की आता येणं बंद केलं तरी चालेल. सगळं आपलं आपण करायचं, चेहऱ्याला तोच व्यायाम. दाढीसुद्धा. मला म्हणाल्या, "तुमची सुटका झाली."

आज सकाळी मी चहा ठेवला होता. बघते तर हे अंगणात खुर्ची ओढून बसलेत. खांद्यावर टॉवेल, हनुवटी वर, डोळे मिटलेले.

"अहो, मॅडम काय म्हणाल्या? स्वतः करायची आता."

डोळे उघडले नाहीत. "उद्यापासनं," म्हणाले.

मी चहाचं पातेलं उतरवलं आणि पाणी ठेवलं.